जे-पाऊच : पोटावरची पिशवी बंद केल्यावर आतला पाऊच नक्की चालतो कसा? (अनुभव हवेत)

रानजाई (पुणे)
नमस्कार मंडळी. विषय संडासाचा आहे, जेवताना वाचू नका.

माझ्या धाकट्या भावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज येऊन आत जखमा होतात तो आजार) होता. स्टिरॉइडं झाली, बायोलॉजिक इंजेक्शनं झाली, शेवटी मोठं आतडं काढावंच लागलं. दुसऱ्या ऑपरेशनमध्ये लहान आतड्याच्या टोकाचा जे-पाऊच, म्हणजे शौच साठवायची आतली पिशवी, करून आत जोडलाय आणि तो जोड भरून येईपर्यंत पोटावर तात्पुरती इलिओस्टोमी (लहान आतड्याचं तोंड पोटावर काढून त्याला बाहेरून पिशवी) ठेवलीये. आता पुढच्या महिन्यात ती बंद करायची असं सर्जन म्हणतायत आणि आमचे बंधुराज म्हणतायत राहू दे, पिशवीच बरी आहे. सवय झालीये त्याला, ऑफिसला जातो, जिमला जातो. नेटवर कुणी लिहितं दिवसातून चार वेळा जावं लागतं, कुणी लिहितं वीस वेळा, त्यामुळे पार तंतरलीये त्याची.

डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं पण ओपीडीच्या गर्दीत काय कळणार. मला विचारायचंय ते असं की पाऊच भरला हे कळतं कसं? आपोआप रिकामा होतो की जोर करावा लागतो? गॅस आहे की दुसरं काही हे समजतं का? आणि आकडा नक्की किती?

कोथरूडकर
"जेवताना वाचू नका" वाचलं तेव्हा पोह्याचा घास तोंडात होता. असो. आता वाचतोच पूर्ण.

पाऊचवाला (ठाणे)
ताई, माझा पाऊच आता चांगला जुना झालाय म्हणून सविस्तर लिहितो.

पहिले काही आठवडे वाईट असतात, खोटं सांगत नाही. दिवसाला बारा-पंधरा वेळा, रात्री उठा, जळजळ, आणि प्रत्येक वेळी वाटतं की च्यायला हेच करायचं होतं तर ऑपरेशन कशाला केलं. मग हळूहळू, म्हणजे अगदी कळणार नाही इतकं हळू, ते कमी होत जातं. सहा महिन्यांनी बरंच बरं आणि वर्षभरात जे व्हायचं ते होऊन बसतं. बहुतेक लोक दिवसाला चार ते आठच्या मध्ये कुठेतरी स्थिरावतात आणि रात्री एखाद वेळ किंवा तीही नाही. मी पाच-सहावर आहे.

पण भावाला सांगा तो आकडा सोड. कोलायटिस असताना मीपण दिवसाला तितक्याच वेळा जायचो, फरक हा की तेव्हा पोटात कळ आली की मिनिटभर पण हातात नसायचं, डब्यातल्या लोकांना ढकलून मधल्याच स्टेशनला उतरलोय मी. आता ठाण्याला जाणीव झाली तरी स्लो लोकलनं सीएसएमटीपर्यंत जातो, तिथून चालत ऑफिसात, चहा घेतो, मग जातो. सहा वेळा जाणं आणि सहा वेळा *पळणं* यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि नेटवर आकडे टाकणारे लोक हा फरक कधी लिहीत नाहीत.

निर्मलाताई
किती स्पष्ट लिहिलंत. आपल्याकडे या विषयावर कुणी तोंडच उघडत नाही, माझ्या मामेसासऱ्यांची पिशवी तर घरातल्यांनाही माहीत नव्हती.

डॉ. अवलिया
मी सर्जरीतला आहे पण पाऊचतज्ज्ञ नाही, तरी "चालतो कसा" याचं उत्तर देतो.

लहान आतड्याचा शेवटचा साधारण ३० ते ४० सेंमी भाग घेऊन तो इंग्रजी जे अक्षरासारखा वाकवतात, दोन बाजू शेजारी येतात, प्रत्येकी १५-२० सेंमी. मग मधली भिंत स्टेपलरनं उघडून दोघांची मिळून एक पोकळी करतात. शर्टाच्या दोन बारीक बाह्या उसवून कडेला कडा लावून शिवल्या तर कसं एक रुंद पोतं होईल, तसंच. कापड तेवढंच, पण घेर दुप्पट झाला की त्यात मावतं पण दुप्पट. दुसरी गंमत म्हणजे नळीतली जी लाट असते, अन्न पुढे ढकलणारी, ती या उघडलेल्या भागात एकसंध राहत नाही, एक बाजू आकुंचन पावते तेव्हा दुसरी सैल असते. शिवाय घेर मोठा असला की भिंतीवर ताण तेवढाच असूनही आतला दाब कमी राहतो. म्हणून हा पाऊच साठवतो. नुसती सरळ नळी खाली जोडली असती तर (पूर्वी करूनही बघितलंय) पेशंटला संडासातून बाहेरच येता आलं नसतं.

सुरुवातीला त्यात जेमतेम १००-१५० मिली मावतं, वर्षभरात ताणून ३०० ते ४०० मिलीपर्यंत जातं. म्हणून पाऊचवालासाहेबांचं "हळूहळू". आतलं अस्तरही बदलतं, लहान आतड्याचे ते मखमली अंकुर बुटके होतात आणि ते अस्तर थोडंफार मोठ्या आतड्यासारखं दिसायला लागतं. दिसायला म्हणतोय, कामाला नाही. मोठं आतडं दिवसाला लिटर-दीड लिटर पाणी शोषतं, ते काम करणारं आता कुणी नाही, त्यामुळे शौच घट्ट होणार नाही, पेजेइतकं पातळ-दाट राहणार आणि दिवसाला अर्धा लिटरच्या वर असणार. ५०० ते ७०० मिली भागिले पाऊचची क्षमता, उत्तर स्वतःच काढा, आणि दर वेळी काठोकाठ भरेपर्यंत कुणी थांबत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष फेऱ्या त्याहून जास्त. दिवसातून एकदा हे गणितातच बसत नाही, तसं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

रिकामं होणं : जोर करायचा नाही. बसायचं, खालचे स्नायू सैल सोडायचे, पाऊचचा स्वतःचा दाब आणि पोटाचा थोडा दाब पुरतो. मिनिटभर थांबून दुसरा हप्ताही येतो बऱ्याच जणांना, लगेच उठू नये.

तिरकस
पाय आर वर्ग आयुष्यात कुठे उपयोगी पडणार असं आठवीत सरांना विचारलं होतं, मार खाल्ला होता. सर, उत्तर मिळालं.

कोथरूडकर
पोहे संपवले बरं का. डॉक, "दुसरा हप्ता" हा शब्दप्रयोग मी ईएमआय भरताना आठवणार आता.

पंचगंगाकाठचा (कोल्हापूर)
समदे गोड गोड लिहितायसा म्हणून माझं पण ऐका. मी पाऊच केला आणि शेवटी काढून टाकला. दर दोन-तीन महिन्याला पाऊचायटिस (म्हंजे पाऊचलाच सूज), ताप, अंग मोडून पडायचं, सिप्रो आणि मेट्रोजिल ही अँटिबायोटिकं खाऊन खाऊन तोंडाला कायम लोखंड चघळल्यागत चव. नंतर तर औषध थांबवलं की आठवड्यात परत सुरू. शेवटी कायमची इलिओस्टोमी घेतली आणि तेव्हापास्नं खरंच मजेत हाय, शेतावर जातो, तांबडा-पांढरा सगळा चालतो. त्या पोराला पिशवी आवडत असंल तर आवडू द्या की राव, ऑपरेशन करणारे सगळे पाऊच पाऊच करतात पण पिशवीवाला माणूस काय कमी माणूस हाय का?

पाऊचवाला (ठाणे)
अजिबात नाही दादा, आणि तुमचं मत इथं यायलाच हवं होतं. फक्त एवढंच की तुमचा पाऊच बिघडलेला होता, चांगल्या चालणाऱ्या पाऊचशी पिशवीची तुलना वेगळी होईल.

पंचगंगाकाठचा (कोल्हापूर)
चांगला चालणार का बिघडणार ही चिठ्ठी आधी कुठं मिळतीया?

डॉ. अवलिया
ती मिळत नाही, हे खरं आहे. कोलायटिससाठी पाऊच केलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना आयुष्यात कधी ना कधी पाऊचायटिस होतो. पण त्यातल्या बहुतेकांना एकदा-दोनदा होतो आणि अँटिबायोटिकनं जातो, दादांसारखा चिवट होणारे त्यामानाने थोडे. पाऊच काढावाच लागला असे दहात एखादा. लक्षणं लिहून ठेवा : नेहमीपेक्षा अचानक जास्त वेळा जावं लागणं, घाई, ओटीपोटात कळ, कधी ताप. अशा वेळी दुर्बिणीनं बघूनच ठरवावं, कारण कधी त्रास पाऊचचा नसून खाली गुदाशयाची जी सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची पट्टी ठेवलेली असते तिचा असतो, तिथे जुना कोलायटिस जिवंत असू शकतो आणि त्याला मेसालामिन या सूज उतरवणाऱ्या औषधाची सपोझिटरी (खालून ठेवायची गोळी) लागते, सिप्रोनं काही होत नाही. मेट्रोनिडाझोल (दादांचं मेट्रोजिल) फार दिवस घेतलं तर पायाला मुंग्या येतात, आल्या तर लगेच सांगायचं.

रानजाई, तुमचा गॅसचा प्रश्न राहिला होता. ती पट्टी ठेवण्याचं एक कारण तेच आहे. तिथलं अस्तर फार संवेदनशील असतं, वारा की पातळ की घट्ट हे तेच ओळखतं.

पाऊचवाला (ठाणे)
ओळखतं पण पहिले काही महिने त्याच्यावर विश्वास टाकायचा नाही! माझा नियम होता, कमोडवर बसल्याशिवाय गॅस सोडायचा नाही. आता उभ्या-उभ्या जमतं. अजूनही मिसळ खाल्ल्यावर नियम परत लागू.

तिरकस
हा नियम पाऊच नसलेल्या माझ्या काही मित्रांनी पाळला तरी समाजावर उपकार होतील.

मेघना_नाशिक
थोडं अवांतर होईल पण विचारते. माझ्या बाबांचं मूत्राशय कॅन्सरमुळे काढलं आणि आतड्याचंच नवीन मूत्राशय करून आत बसवलं. हे पण असंच का? कारण त्यांना लघवीची जाणीवच होत नाही नीट, पोटात जरा जड वाटतं म्हणतात इतकंच, घड्याळ लावून जातात दर तीन-चार तासांनी. रात्री अलार्म लावून उठतात, नाही उठले तर गादी ओली. आणि लघवीत शेंबडासारखं काहीतरी येतं, पहिल्यांदा बघितलं तेव्हा आम्ही घाबरून रात्रीत हॉस्पिटल गाठलं होतं.

डॉ. अवलिया
अवांतर नाही मेघना, तत्त्व अगदी तेच. ४० ते ६० सेंमी लहान आतडं उभं उघडून गोल पिशवी शिवतात, लाट मोडायची आणि दाब कमी ठेवायचा. तो शेंबूड आतड्याचा नेहमीचा चिकट स्राव आहे, आतडं कुठेही नेऊन बसवलं तरी ते तो तयार करतच राहतं. कालांतराने कमी होतो, पूर्ण जात नाही, पाणी भरपूर प्यायला सांगा म्हणजे अडकणार नाही. रात्रीच्या ओलीचं कारण असं की खऱ्या मूत्राशयाची आणि झडपेच्या स्नायूची आपापसात बोलणी चालू असतात, भरत आलं की स्नायू आवळतो. नवीन पिशवीला ती तार जोडलेली नाही.

आणखी एक : आतड्याचा धर्म शोषण्याचा, त्यामुळे लघवीतली आम्लं ते परत रक्तात घेतं. म्हणून काहींना सोडा-बायकार्बच्या गोळ्या देतात. बाबांना फार थकवा, भूक नाही असं असेल तर रक्त तपासून घ्या.

मेघना_नाशिक
गोळ्या चालू आहेत! कशासाठी ते आज कळलं. खूप आभार.

गोथेनबर्गचा गोट्या
ह्या सगळ्याचा उगम आमच्या गावात (स्वीडनमधलं गोथेनबर्ग) आहे म्हणून नाक खुपसतो. इथल्या निल्स कॉक नावाच्या सर्जननं १९६९ मध्ये पोटाच्या आत आतड्याची साठवण-पिशवी करून दाखवली, बाहेर कप्प्यासारखं काही लावायचंच नाही, पोटावर फक्त एक छोटं भोक. आतड्याचाच तुकडा उलटा आत ढकलून झडप केली आणि दिवसातून तीन-चार वेळा नळी घालून रिकामं करायचं. तिला कॉक पाऊच म्हणतात. भानगड अशी की ती झडप घसरायची आणि मग परत ऑपरेशन. पण साठवण करता येते हे सिद्ध झालं.

मग १९७८ ला लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलमध्ये अ‍ॅलन पार्क्स आणि जॉन निकोल्स यांनी ती पिशवी खाली गुदद्वाराला जोडली, म्हणजे पोटावरचं भोकही गेलं. त्यांची पिशवी एस आकाराची, तीन घड्यांची आणि खाली एक तोटी. त्या तोटीमुळे बऱ्याच जणांना आपोआप रिकामं होईना, खालून नळी घालायला लागायची. १९८० मध्ये जपानच्या उत्सुनोमियांनी दोनच घड्यांची जे काढली, करायला सोपी आणि रिकामी होते आपली आपण. नंतर चार घड्यांची डब्ल्यूपण आली. ती सुरुवातीला जास्त साठवते, पण वर्ष उलटल्यावर जे आणि डब्ल्यूमध्ये फार फरक उरत नाही म्हणतात, म्हणून आता सगळीकडे जेच.

कोथरूडकर
सुंदर माहिती. मराठीत जेच्या जागी काय झालं असतं? "ग" पाऊच?

तिरकस
"ळ" पाऊच केला असता तर सर्जन पळून गेला असता.

वऱ्हाडी ठेचा (अकोला)
माहा पाऊच आहे अन् आमच्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर. पाण्याचं कोणीच नाही लिहिलं म्हणून लिहितो. नुसतं पाणी पेत बसलं तर काहीच होत नाही, उलट आणखी पातळ होते अन् पाय वळतात रात्री. मीठ पाह्यजे त्याच्यासंगं. ओआरएस पाकिटावर लिहिलं तेवढ्याच पाण्यात, घोट घोट दिवसभर. मी इलेक्ट्रल खिशात ठेवतो. नारळपाणी चांगलं पण त्यात मीठ कमी, त्याच्यावर भागत नाही. मीठ घातलेलं ताक मले मानवते. लघवी पिवळी जर्द दिसली का समजायचं कमी पडलं, मुतखडे होतात अशानं, मले झाले.

मालवणी मसाला
गो बाय, ह्या सगळा ठीक, सोलकढी पिवची की नको ता सांगा आधी!

माझ्या नवऱ्याचा पाऊच आहे. आमच्या घरातले निष्कर्ष देते. भात, इडली, पिकलं केळं, मऊ वरणभात, मासे बिनधास्त. साबुदाणा घट्ट करतो. ओलं खोबरं चव म्हणून ठीक, पण चावून न खाता भसाभस गिळलं तर आतड्यात अडकतं, पिशवी होती तेव्हा एकदा अडकलं आणि सलाईन लावायची पाळी आली. मक्याचं कणीस, मशरूम, संत्र्याची सालं यांचंही तेच. रात्रीचं जेवण सातला, त्यानंतर काही नाही, म्हणजे रात्रीची फेरी वाचते. तिखट खाल्लं तर आत जाताना एकदा आणि बाहेर येताना एकदा.

पाऊचवाला (ठाणे)
साबुदाणा प्रत्येकाला नाही हं. मला खिचडीच्या तेलानं उलट होतं. इसबगोल कमी पाण्यात मला चालतं, माझ्या ओळखीच्या एकाला त्याचाच गॅस होतो. लोपेरामाइड (आतड्याचा वेग कमी करणारी गोळी) जेवणाआधी अर्धा तास घेतलं की फरक पडतो, पण डोस डॉक्टरांकडून ठरवून, आणि ताप किंवा कळा असताना स्वतःच्या मनानं नाही.

सत्त्वशील
एवढी काटछाट कशाला करतात? आमच्याकडचे वैद्य काढ्यानं आतडं पूर्ववत करतात.

अबोली२२
काढलेलं आतडं? पूर्ववत?

तिरकस
पॅथॉलॉजीतून बरणी परत मागवत असतील.

अबोली२२
असो. मी वेगळ्या कारणानं पाऊचवाली आहे, आमच्या घरात एफएपी आहे, म्हणजे मोठ्या आतड्यात शेकड्यांनी गाठी येतात आणि सोडल्या तर कॅन्सर ठरलेला. आनुवंशिक, प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. आजी त्यातच गेली, म्हणून वडिलांनी आणि मी वेळेत ऑपरेशन करून घेतलं. आमच्यासारख्यांना पाऊचायटिस क्वचित होतो, पण पाऊचमध्येही गाठी येऊ शकतात, त्यामुळे दुर्बीण ठरलेली. तिथे "बरं चाललंय की, कशाला" असं करून चालत नाही.

मुलींसाठी एक गोष्ट लिहिते जी मला कुणी आपणहून सांगितली नाही. ओटीपोटात ऑपरेशन झाल्यावर आतले भाग एकमेकांना चिकटून बसतात आणि गर्भनळ्यांवर परिणाम होऊन दिवस राहायला वेळ लागू शकतो. दुर्बिणीतून केलं तर हे कमी होतं म्हणतात. ऑपरेशनच्या आधीच विचारा. मला उशिरा राहिले पण राहिले, शेवटच्या तीन महिन्यांत फेऱ्या वाढल्या, आणि खालच्या स्नायूंना इजा नको म्हणून सिझेरियन केलं. लेक आता शाळेत जाते.

बे एरियातला बंडू
इथल्या (अमेरिकेतल्या) पाऊचवाल्यांचा अर्धा वेळ कागदानं सोलवटलेल्या जागेवर बोलण्यात जातो. मला वाटतं आपला जेट स्प्रे हे या आजारातलं भारताचं सर्वात मोठं योगदान आहे. पाण्यानं धुवा, टिपून कोरडं करा, घासू नका, झिंक ऑक्साईडचं क्रीम लावा, आणि हे जळजळ सुरू व्हायच्या आधीपासून करा. लहान आतड्यातला माल पाचक रसांसकट येतो, त्वचा अक्षरशः पचवतो तो.

रानजाई (पुणे)
सगळ्यांचे खूप खूप आभार. भावाला धागा पाठवला, कोल्हापूरच्या दादांची पोस्ट त्याने मला परत फॉरवर्ड केली, अपेक्षेप्रमाणे! 😄 त्याचे दोन प्रश्न आहेत. एक, पिशवी चालू असतानाही खालून अधूनमधून चिकट काहीतरी येतं, ते बिघडल्याचं लक्षण का? दोन, पिशवी अजून काही महिने ठेवून मग ठरवलं तर चालेल का?

डॉ. अवलिया
एक : नाही. मेघनाच्या बाबांचंच उत्तर. रिकामा पाऊचही स्राव करतो, तो बाहेर येणारच. रक्त किंवा ताप असेल तर मात्र दाखवा.

दोन : काही महिने थांबल्याने सहसा काही बिघडत नाही, पण हे त्याच्या सर्जनशीच बोलायचं, इंटरनेटवरच्या अवलियाशी नाही. बंद करण्याआधी तसंही डाय घालून एक्स-रे काढतात, जोड गळत नाही ना आणि कुठे आकसलंय का हे बघायला. तो झाला की बोला.

पंचगंगाकाठचा (कोल्हापूर)
आणि पोराला सांगा, घाबरून पिशवी ठेवत असशील तर नको ठेवू. मला पिशवी पसंत हाय कारण मी पाऊच वापरून बघितलाय. तू न वापरताच माझी पोस्ट ढाल म्हणून वापरायला लागलास की लेका. पाऊच नाहीच चालला तर पिशवी कुठं पळून जातीया?

पाऊचवाला (ठाणे)
+१. आणि खालचे स्नायू आवळून-सोडायचे व्यायाम आत्तापासून कर म्हणावं, इतके महिने त्यांना काम नाहीये. बंद केल्यावर निदान महिनाभर सुट्टी किंवा घरून काम. पहिल्या महिन्यात मला फोन कर म्हणावं, ताईंना नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

रानजाई (पुणे)
व्यनि मिळाला. एक्स-रे पुढच्या आठवड्यात आहे. त्याने आत्ताच विचारलंय की हिंजवडीच्या कंपनी बसमध्ये अर्धा-पाऊण तास अडकलं तर काय.

पाऊचवाला (ठाणे)
हिंजवडीत पाऊण तासात पोचतो?? रस्ता कुठला ते आधी सांग म्हणावं!
बाकी सुरुवातीला बाहेर पडायच्या आधी रिकामं करून निघायचं, निघण्याआधी दोन तास पोटभर खायचं नाही, बॅगेत एक जादा पँट. माझी अजून असते बॅगेत, कधीची आहे आठवत नाही, आता बसत पण नसेल.